लायपोसक्शन करावं का? ते सुरक्षित आहे का?

वजन कमी करण्यासाठी विचार करत असाल, तर नको. लायपोसक्शनमध्ये, म्हणजे नळीने चरबी शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेत, फक्त त्वचेखालची चरबी निघते. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली चरबी तशीच राहते, आणि मधुमेह-हृदयविकाराशी जास्त संबंध तिचाच असतो. त्यामुळे पोट सपाट दिसलं तरी तब्येत सुधारली असं होत नाही.

वजन काही महिने स्थिर आहे, व्यायाम-आहार नीट आहे, तरी कंबर किंवा मांड्यांवरची चरबी हटत नाही आणि त्वचा ताणून परत बसणारी आहे, अशांना याचा खरा उपयोग होतो. त्वचा सैल असेल तर चरबी काढल्यावर ती आणखी लोंबते. हे आधी स्पष्ट सांगणारा डॉक्टर मला जास्त विश्वासाचा वाटतो.

धोके किरकोळ समजू नका. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं, चरबीचे कण रक्तात शिरणं, भुलीच्या औषधाचा अतिरेक, क्वचित आतड्याला इजा. एका वेळी 5 लिटरपेक्षा जास्त काढायचं ठरलं तर जोखीम वाढते. तेव्हा रात्रभर देखरेख हवीच. हृदयविकार, पूर्वी गुठळी झालेली असणं, रक्त पातळ करणारी औषधं, धूम्रपान, यातलं काहीही लपवू नका.

प्लास्टिक सर्जनची पात्रता तपासा. भूल कोण देणार आणि तातडीची सोय तिथेच आहे का, हेही विचारा. सूज पूर्ण उतरायला काही महिने लागतात, आणि नंतर वजन वाढलं तर चरबी दुसरीकडे साठते.