टॉर्च कुठला घेऊ यापेक्षा दाखवणार कुणाला ते बघा

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याकडे चढणाऱ्या नळीच्या वाटेत, त्या दगडी नाळेत (घळीत), अंधार पडला, खाली पायथ्याच्या बेलपाड्याचे दिवे दिसतायत, तासभर मोबाईलचा टॉर्च हलवला आणि कोणी फिरकलं नाही, आता टॉर्च कुठला घेऊ, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. आमचं सेम टू सेम झालेलं, त्याच नाळेत, मित्राचा घोटा गेला होता.

टॉर्च कुठला ते बाकीचे सांगतीलच. एसओएस, म्हणजे मदत मागायची खूण, शिकायचंय म्हणताय, तीन छोटे तीन लांब तीन छोटे, शिका, पण माझं स्पष्ट मत आहे की घाबरलेल्या माणसाच्या हातून ते धड होत नाही. त्यात हल्लीच्या टॉर्चला एकच बटन, दाबलं की हाय, लो, मग ते डोकं उठवणारं स्ट्रोब, म्हणजे भराभर लुकलुकणं. म्हणून टॉर्च चालूच ठेवायचा आणि टोपीने झाकायचा-उघडायचा. आणि एसओएसपेक्षा आल्प्समधली १८९४ पासूनची मदत मागायची पद्धत सोपी, मिनिटात सहा वेळा उजेड, म्हणजे दर दहा सेकंदाला एक, मग मिनिटभर अंधार, परत सहा. समोरून मिनिटात तीन वेळा चमकलं म्हणजे उत्तर आलं. गावातल्यांना हा हिशोब माहीत नसतो हे मान्य, पण वीकेंडला कोकणकड्यावर रात्री पोरं टॉर्च नाचवतच असतात, आम्हालाही दुसऱ्या दिवशी गावात हेच ऐकवलं की उजेड दिसत होता, म्हटलं मजा चाललीय. ठरावीक लयीत चमकून मधेच बंद होणारा उजेड निदान वेगळा तरी वाटतो. आणि सकाळी ज्यांच्याकडे चहा-पोहे खाता त्यांना सांगूनच चढा, की इतक्या वाजेपर्यंत वरून फोन नाही आला तर नाळेकडे बघा. माझ्या मते महागड्या टॉर्चपेक्षा हे कामाचं.

आमचं खरं नुकसान केलं ते एका ऑफिसने, नाव नको. कशीबशी रेंज आली, फोन लागला, तर पहिला प्रश्न, कुठल्या पोलीस स्टेशनची हद्द? आता बेलपाडा मुरबाड तालुक्यात, म्हणजे ठाणे, वर गड अकोले तालुक्यात, म्हणजे नगर (आताचं अहिल्यानगर), आणि आम्ही मधे लटकलेले! याने त्याला जोडलं, त्याने होल्डवर ठेवलं, मग परत पहिल्याकडे, परत नाव-गाव-पत्ता, जवळची खूण काय म्हणे. कडा आहे हो, खूण कसली सांगू? यात फोनची बॅटरी संपली आणि आमचा टॉर्च म्हणजे तोच फोन. बाकी रात्र अंधारात. आता ११२ हा एकच आपत्कालीन नंबर आहे, सुधारलं असेलही, सगळीकडे असंच होतं असं म्हणत नाही. पण टॉर्च फोनपासून वेगळा हवाच, आणि पहिल्याच वाक्यात तालुका आणि पायथ्याचं गाव सांगा.

धुक्यात टॉर्चचा उपयोग शून्य, सगळा उजेड आपल्याच तोंडावर परत येतो, तेव्हा शिट्टी, तीच सहाची लय. मी काही इन्स्ट्रक्टर नाही, एखाद्या क्लबवाल्याकडून एकदा नीट शिकून घ्या. आणि खालून उत्तर आलं की जागा सोडू नका, उजेड चालू ठेवा, फक्त वर येणाऱ्यांच्या डोळ्यात मारू नका.