अमेरिकेतल्या कॉन्झर्वेटिव्ह चर्चमधल्या अफवा आणि राजकीय कट्टरता कमी करायला बाहेरचा माणूस काय मदत करू शकतो?

तुम्ही विचारलंय की शेजारचं बाप्टिस्ट कुटुंब एरवी अगदी देवमाणसं आहेत, पण त्यांच्या चर्चच्या ग्रुपवरचे मेसेज बघून धडकी भरते, आणि आपण ख्रिस्ती नसताना अशा चर्चला काही मदत करता येते का, फॅक्टचेकच्या लिंका पाठवून उपयोग होतो का. मी मूळचा नगरचा, आमचं घर आजोबांच्या आधीपासून ख्रिस्ती, आता बरीच वर्षं टेक्सासमधल्या डॅलसजवळ राहतो आणि इथल्या एका सदर्न बाप्टिस्ट (अमेरिकेतला सगळ्यात मोठा प्रोटेस्टंट पंथ) चर्चमध्ये मोठ्यांचा संडे स्कूलचा वर्ग घेतो. त्यामुळे आतून जे दिसतं ते सांगतो, थोडं लांबेल.

लिंका पाठवू नका. इथल्या माणसाला गेली चाळीस-पन्नास वर्षं वाटत आलंय की मोठे पेपर, टीव्ही आणि युनिव्हर्सिट्या आपल्याला अडाणी समजतात, आणि खरं सांगायचं तर ते पुष्कळदा तसं समजतातही. मग त्याच पेपरची लिंक बाहेरच्याने पाठवली की तो मजकूर वाचायच्या आधी कोणी पाठवलं ते बघतो आणि विषय तिथेच संपतो. तेच त्याच्या पास्टरने म्हणजे पाळकाने, डीकनने म्हणजे चर्चचं काम बघणाऱ्या सेवकाने किंवा रविवारी शेजारी बसणाऱ्या मित्राने सांगितलं तर निदान ऐकून तरी घेतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की त्या लोकांना थेट सुधारायला जाऊ नका, चर्चमध्ये जो माणूस हे बोलू शकतो त्याचे हात बळकट करा.

जुनं उदाहरण देतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या, म्हणजे टाइडवाल्या कंपनीच्या, चंद्र-ताऱ्यांच्या लोगोत सैतानाची खूण आहे आणि कंपनीच्या मोठ्या साहेबाने टीव्हीवर येऊन कबूल केलं की आमचा नफा सैतानाच्या चर्चला जातो, अशी पत्रकं चर्चमधून हातोहात फिरायची. असा कार्यक्रम कधी झालाच नव्हता. कंपनीला हजारोंनी फोन यायला लागले तेव्हा १९८२ मध्ये त्यांनी मदतीला कोणाला घेतलं, तर जेरी फॉलवेल आणि बिली ग्रॅहम या नावाजलेल्या धर्मोपदेशकांना! फॉलवेल म्हणजे मॉरल मेजॉरिटी या कॉन्झर्वेटिव्ह ख्रिस्ती राजकीय संघटनेचे संस्थापक, त्यांच्याहून कॉन्झर्वेटिव्ह माणूस शोधून सापडला नसता, आणि त्यांनीच हे खोटं आहे म्हणून सांगितलं. अफवा काही लगेच मेली नाही, १९८५ मध्ये कंपनीने मालावरून लोगोच काढायचं ठरवलं, पण हे कोणाच्या तोंडून सांगायचं ते त्यांना बरोबर कळलं होतं. कोविडमध्येही तसंच झालं. बिली ग्रॅहमचे चिरंजीव, धर्मोपदेशक फ्रँकलिन ग्रॅहमनी मार्च २०२१ मध्ये लशीच्या बाजूने लिहिलं, इथे डॅलसला ट्रम्पचे पक्के समर्थक असलेल्या रॉबर्ट जेफ्रेस यांच्या फर्स्ट बाप्टिस्ट चर्चमध्ये लसीकरण झालं. फ्रँकलिन ग्रॅहमना फेसबुकवर त्यांच्याच लोकांनी झोडपलं तो भाग वेगळा.

आता पास्टरची अवस्था बघा. चर्चविषयी सर्व्हे करणाऱ्या लाइफवे रिसर्चने जानेवारी २०२१ मध्ये एक सर्व्हे छापला, त्यात ४९ टक्के प्रोटेस्टंट पास्टर म्हणाले की आमच्या मंडळीतले लोक कट-कारस्थानाच्या गोष्टी बोलताना आम्हाला वारंवार ऐकू येतं. त्याच वर्षी अखेरीस बार्ना या तशाच दुसऱ्या संस्थेच्या सर्व्हेत ३८ टक्के पास्टर म्हणाले की वर्षभरात हे काम सोडायचा गंभीरपणे विचार केला. बाप्टिस्ट चर्चमध्ये वर कोणी बिशप नसतो, पास्टरला मंडळीच नेमते आणि मंडळीच काढते, त्याची चूल त्या लोकांच्या देणग्यांवर चालते. त्याच्या हातात आठवड्याचा एखादा तास, आणि फोन आणि टीव्हीच्या हातात बाकीचा सगळा आठवडा. असा माणूस गप्प बसतो तेव्हा तो भित्रा आहे म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण बहुतेक वेळा तो एकटा पडलेला असतो.

आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी जेवण आणि प्रार्थना असते. २०२० मध्ये 'सेव्ह द चिल्ड्रन' म्हणजे 'मुलांना वाचवा' या नावाखाली क्यूअॅनॉनचं, म्हणजे बडे लोक गुपचूप मुलांची तस्करी करतात या कटाच्या अफवेचं, सगळं चर्चमध्ये शिरत होतं तेव्हा एका बाईंनी प्रार्थनेसाठी विनंती केली की अमुक कंपनी महागड्या कपाटांच्या आडून मुलं विकतेय, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. बोलताना त्यांचा आवाज कापत होता, त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांना खरंच झोप येत नव्हती. पास्टरने आधी मुलांसाठी प्रार्थना केली. मग म्हणाले, ताई, ज्यांच्यावर आपण हा आरोप करतोय तेही आपले शेजारीच, आणि नववी आज्ञा आपल्याला माहीत आहे, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायची नाही, तेव्हा खात्री होईपर्यंत आपण हे पुढे पाठवायचं नाही. आणि लगेच आपल्या काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) फॉस्टर केअरच्या, म्हणजे आईबापांपासून काढून दुसऱ्या घरी सांभाळायला दिलेल्या, मुलांचा विषय काढला, त्यांच्यासाठी कोण काय करू शकतं ते विचारलं. त्या बाई नंतर त्याच कामात पडल्या. कळवळा खराच होता, त्याला फक्त खरी मुलं मिळाली. ह्याच काळात अशाच अफवांवरून आलेल्या फोनमुळे मानवी तस्करीची हेल्पलाइन चालवणाऱ्या पोलारिस संस्थेचं खरं काम अडत होतं, हे त्या बाईंना नंतर सांगितलं तेव्हा त्या फार हळहळल्या.

दुसरी गोष्ट, 'तुम्ही खोटं पसरवता' म्हटलं की माणूस बिथरतो, 'तुमच्या श्रद्धेवर कोणीतरी पैसे कमावतंय' म्हटलं की कान टवकारतो, आणि हे खरंही आहे. फेसबुकचा २०१९ चा एक अंतर्गत रिपोर्ट २०२१ मध्ये बाहेर आला, त्यानुसार अमेरिकन ख्रिस्ती लोकांसाठीच्या सगळ्यात मोठ्या २० पेजेसपैकी १९ पेजेस पूर्व युरोपातल्या, मुख्यतः कोसोवो आणि मॅसिडोनियातल्या ट्रोल फार्म, म्हणजे खोट्या ओळखीने पोस्ट टाकणाऱ्या टोळ्या, चालवत होत्या, आणि ती पेजेस महिन्याला साडेसात कोटी अमेरिकनांपर्यंत पोचत होती. मी हे वर्गात दाखवलं. एका रिटायर्ड ट्रक ड्रायव्हरने तिथल्या तिथे फोन काढला, पेज कुठून चालवलं जातं ते फेसबुकवर कसं बघायचं ते मी दाखवलं, आणि रोज सकाळी ज्या पेजचं वचन तो बायकोला वाचून दाखवायचा ते भलत्याच देशातून चालत होतं. त्याचा चेहरा लाल झाला. त्या रागाचा जेवढा उपयोग झाला तेवढा माझ्या कुठल्याच भाषणाचा झाला नसता.

निवडणुकीच्या अफवांवर मात्र डोळ्यांनी दाखवणं हाच उपाय. टेक्सासमध्ये मतदानाआधी मशीनची चाचणी लोकांसमोर घ्यावी लागते, कोणीही जाऊन बघू शकतं. मतदान केंद्रावर क्लार्क (मतदान कर्मचारी) म्हणूनही काम करता येतं, दोन्ही पक्षांची माणसं शेजारी शेजारी बसतात. आमच्यातले काही जण हे काम करायला लागले आणि मग 'मशीनच फिरवली' असं कोणी म्हटलं की तेच सांगायला लागले, मी तिथे होतो बाबा, असं होत नाही. इथे तुम्हाला करण्यासारखं आहे. तुम्ही अमेरिकन नागरिक असाल तर स्वतः क्लार्क व्हा आणि शेजाऱ्यांनाही बरोबर चला म्हणा, नसाल तर निदान चाचणीची तारीख काढून त्यांना कळवा.

एक पथ्य पाळा. गर्भपात, लग्न, बंदूक, टॅक्स यावर त्यांची मतं तुमच्याहून वेगळी असणार, ती बदलायचा छुपा हेतू मनात ठेवून जाऊ नका, लगेच ओळखतात. कॉन्झर्वेटिव्ह असणं आणि ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प हरल्यावर 'जीझस सेव्हज' चे फलक घेऊन कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, चालून जाणं यात फार मोठं अंतर आहे, आणि ते अंतर टिकवायला सगळ्यात जास्त धडपड कॉन्झर्वेटिव्ह माणसंच करतायत. २०१७ मध्ये फिनिक्सच्या सदर्न बाप्टिस्ट अधिवेशनात ऑल्ट-राइटच्या, म्हणजे गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचा पुरस्कार करणाऱ्या कट्टर उजव्या चळवळीच्या, वर्णद्वेषाचा निषेध करणारा ठराव आमच्या जवळच्याच आर्लिंग्टनचे कृष्णवर्णीय पास्टर ड्वाइट मॅकिसिक यांनी मांडला होता, समितीने तो पुढे येऊच दिला नाही, मग सभासदांनीच आवाज उठवला आणि दुसऱ्या दिवशी नव्याने लिहिलेला ठराव पास झाला. रसेल मूर, डेव्हिड फ्रेंच आणि कर्टिस चँग या ख्रिस्ती लेखकांनी चर्चमधल्या छोट्या गटांसाठी आफ्टर पार्टी नावाचा व्हिडिओ कोर्स काढलाय, कोणाला मत द्या हे त्यात नाही, वेगळ्या मताच्या माणसाशी कसं वागायचं ते आहे. मूर यांनी ट्रम्पला विरोध केला म्हणून त्यांच्यावरून मोठा वाद आहे, शेजाऱ्यांना ते आवडत नसतील तर आग्रह धरू नका.

काही ठिकाणी पास्टर स्वतःच व्यासपीठावरून विष ओकतो, तिथे बाहेरून फारसं काही होत नाही. पण तिथून बाहेर पडलेल्या माणसाचे मित्र, मुलांचे खेळगडी, आजारपणात डबा आणून देणारे हात असं सगळं एका फटक्यात सुटतं, त्याला जेवायला बोलवा. आणि कोणी हत्यारं, हल्ला, अमक्याला संपवायचं असं बोलत असेल तर तिथे बायबल अभ्यास पुरत नाही, सरळ पोलिसांना कळवा.

सुरुवात शेजाऱ्यांपासूनच करा. त्यांच्या चर्चच्या फूड पँट्रीत (गरजूंना फुकट धान्य वाटतात तिथे) किंवा वादळानंतरच्या साफसफाईत हात लावा, पास्टरशी ओळख होईल. मग कधीतरी त्यांना एकटं गाठून विचारा की तुम्हाला कशाचा त्रास होतोय, आणि एखाद्या मेसेजचं खरंखोटं काढायला वेळ नसेल तर मला पाठवा, मी शोधून तुम्हालाच कळवीन, माझं नाव कुठे घ्यायची गरज नाही. फक्त हे निवडणुकीच्या तोंडावर ऑक्टोबरमध्ये सुरू करू नका, तेव्हा नवा माणूस कुठल्या पक्षाचा हेच आधी बघितलं जातं.