फी कमी ठेवा, दाखले मागू नका

तुमचा प्रश्न असा: सरकारी विद्यापीठांनी सगळ्यांसाठीच फी कमी का ठेवायची? ऐपत असलेल्यांकडून पूर्ण फी घेऊन गरिबांना शिष्यवृत्ती देणं जास्त न्यायाचं नाही का?

ऐकायला बरोबर वाटतं. पण गरीब कोण हे ठरवायला जो कागद लागतो, त्या कागदापायी माझ्या वडिलांचे झालेले हाल मी पाहिलेत, म्हणून लिहिते आहे.

बाबा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते, हंगामी. म्हणजे गाळप चालू असेतोवर पूर्ण पगार, कारखाना बंद झाला की नुसता रिटेन्शन अलाउन्स, म्हणजे पगाराचा काही भाग. २००९ साली धाकटा भाऊ इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, एका विनाअनुदानित कॉलेजात. पहिल्या वर्षी ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची सवलत, मिळाली होती, निम्मी फी सरकारने भरली. तेव्हा उत्पन्नाची मर्यादा १ लाख होती. नेमका त्या वर्षी पगारवाढीच्या कराराचा मागचा फरक एकरकमी मिळाला. तीन वर्षांच्या घामाचे थकलेले पैसे एका वर्षाच्या उत्पन्नात धरले गेले आणि दाखला निघाला १ लाख ८ हजारांचा. फरकाची रक्कम तर हातात येताच पतसंस्थेचं कर्ज फेडण्यात गेली होती.

तलाठी म्हणाले, तहसीलला जा. तहसीलमध्ये म्हणाले, कारखान्याचं पत्र आणा. पत्र नेलं, तर फरक वेगळा दाखवायची सोय नाही. शेवटी कॉलेजच्या खिडकीशी बाबा पगाराच्या पावत्या एकेक उलगडून दाखवत होते, आणि आतला माणूस मान वर न करता म्हणाला, "मर्यादेच्या वर आहात ना, मग परवडतंय की." मी शेजारी उभी होते. बाबांनी पावत्या पुन्हा घडीवर घडी करून खिशात ठेवल्या. भावाचा परीक्षेचा फॉर्म अडला होता. महिन्यापूर्वी फेडलेलं कर्ज त्यांनी पुन्हा काढलं.

त्याच वर्षी मी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करत होते. माझी वर्षाची फी बाबांच्या हंगामातल्या एका पगारात भागून वर पैसे उरले. फॉर्म भरला, चलन भरलं, वर्गात जाऊन बसले. माझ्यासाठी बाबांना कुणापुढे पावत्या उलगडाव्या लागल्या नाहीत. कमी फीचा मोठा गुण हाच आहे. तुमच्या शिष्यवृत्तीत आधी हात पसरावा लागतो, मग तपासणी, मग वाट पाहणं. आणि मर्यादा १ लाखाची आज ८ लाख झाली, तरी रेघेच्या जरा वर असलेला कुणीतरी असतोच.

त्या दिवाळीत मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "फुकट शिकलेल्यांना शिक्षणाची किंमत नसते. फी घसघशीत असली की पोरं अभ्यास करतात." मामा सत्तरच्या दशकात सरकारी कॉलेजातून इंजिनीअर झाले. तेव्हा महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजं नव्हतीच, ती १९८३पासून आली. मामांची फी सरकारनेच कमी ठेवली होती आणि त्यांनी अभ्यास उत्तम केला, पाटबंधारे खात्यात आयुष्यभर चोख नोकरी केली. मग त्यांच्या बाबतीत तो नियम का लागू पडला नाही? पुढे २०१५ला त्यांचा मुलगा शिकायला जर्मनीत आखेनला गेला. तिथे काही राज्यांनी २००६च्या सुमारास सेमिस्टरला ५०० युरोपर्यंत फी लावून पाहिली होती, आणि २०१४पर्यंत सगळ्यांनी ती मागे घेतली. म्हणजे मामांचा मुलगा शिक्षणशुल्क न भरता शिकला, आणि मन लावून शिकला. त्याचं मला कौतुकच आहे. पण किंमत नसते हे वाक्य मामांनी मागे घ्यायला हवं होतं.

तुमच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा महात्मा फुल्यांचा आहे. १८८२ला इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी सांगितलं की महसूल येतो रयतेच्या कष्टातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. तेव्हा ते शंभर टक्के खरं होतं. पण आज त्याच रयतेची मुलं विद्यापीठाच्या दारात उभी आहेत, आणि नेमकं आत्ताच आपल्याला फी वाढवायचं सुचतंय. श्रीमंतांकडून घ्यायचं तर आयकरातून घ्या, तिथे त्यांचं उत्पन्न नोंदलेलं असतंच. २०१९मध्ये दिल्लीच्या जेएनयू या सरकारी विद्यापीठात वसतिगृहाच्या एकट्याच्या खोलीचं भाडं महिना २० रुपयांवरून ६०० करायचं ठरलं, वर १,७०० रुपये सेवाशुल्क. आंदोलन झाल्यावर दारिद्र्यरेषेखालच्यांना सवलत जाहीर झाली. पुन्हा कागद आलाच.

फी कमी ठेवून सरकारने अनुदानही आटवलं, तर प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात आणि स्वस्तात मिळतं ते शिक्षण उरत नाही, हेही मान्य. परदेशी विद्यार्थ्यांकडून जास्त फी घ्यायलाही माझी हरकत नाही. आणि खोली-मेसचा खर्च फीपेक्षा जास्त असतो, त्याचं उत्तर माझ्या या उत्तरात नाही. मी मेस परवडत नाही म्हणून दोन वर्षं खोलीवर स्वयंपाक केला.

भाऊ पास झाला, नोकरीला लागला. पतसंस्थेचं ते दुसरं कर्ज २०१४ला फिटलं.