कोंबडी, फास आणि गोल्फ

प्रश्न : माझा मुलगा कॉलेजात आहे. सध्या तो ॲलिस कूपर नावाच्या अमेरिकन गायकाची गाणी दिवसभर लावून बसतो. हा माणूस म्हणे स्टेजवर जिवंत कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडतो. हे खरं का? आणि पंचाहत्तरी उलटल्यावरही याचे कार्यक्रम कसे चालतात?
— एक वडील, सातारा

उत्तर : कोंबडीचा आरोप खोटा. १९६९ साली टोरांटोत चालू कार्यक्रमात कोणीतरी स्टेजवर कोंबडी सोडली. आमचा गडी शहरात वाढलेला. पंख आहेत म्हणजे उडेल, असं समजून त्यानं ती प्रेक्षकांत भिरकावली. तिचे तुकडे केले ते प्रेक्षकांनी. दुसऱ्या दिवशी पेपरांत मुंडकं तोडल्याची बातमी! संगीतकार फ्रँक झप्पानं तेव्हा त्यांच्या बँडला पहिली संधी दिली होती. त्यानं फोन करून विचारलं, खरं काय ते ऐकलं आणि बजावलं : कोणाला सांगू नकोस.

मूळ नाव व्हिन्सेंट फर्नियर, बाप पाद्री. कीर्तनकाराच्या घरी सोंगाड्या जन्मावा, तसंच हे. ॲलिस कूपर हे आधी अख्ख्या बँडचं नाव होतं, ते पुढे यानं स्वतःला लावून घेतलं. गळ्यात अजगर, डोळ्यांभोवती काजळ, शेवटी स्टेजवरच खोटा देहदंड : कधी फास, कधी गिलोटीन, म्हणजे मुंडकं उडवणारं यंत्र. १९७३च्या दौऱ्यातलं गिलोटीन जेम्स रँडी या जादूगारानं रचलं आणि जल्लादही तोच झाला.

मी बरीच वर्षं व्यावसायिक नाटकांच्या विंगेत काढली, म्हणून फासाच्या सीनबद्दल सांगतो. फास गळ्यात दिसतो, पण सगळा भार पाठीमागच्या बारीक तारेवर असतो. १९८८मध्ये लंडनला ती तार तुटली. त्यानं मान झटकन मागे टाकली, म्हणून थोडक्यात वाचला. अशी तार किती प्रयोगांनी बदलली, हे वहीत लिहून ठेवावं लागतं. आमच्याकडे किती जण ठेवत होते, ते विचारू नका.

दारूनं मात्र तो खरोखर मरायला टेकला होता. १९७७मध्ये इस्पितळात राहून आला, पुन्हा घसरला. १९८३पासून थेंब नाही. त्या जागी गोल्फ आला, तोही व्यसन लागल्यासारखा. आता तो स्टेजवरच्या ॲलिसबद्दल बोलतो तेव्हा ‘मी’ नाही, ‘तो’ म्हणतो. मेकअप पुसला की ‘तो’ संपला. मला वाटतं, टिकला तो यामुळेच. हे न जमल्यानं भूमिका घरी घेऊन जाणारे दोन चांगले नट मी वाया जाताना पाहिलेत.

मधल्या काळात १९८९चं ‘पॉयझन’ हे गाणं गाजलं, २००४पासून रेडिओवर कार्यक्रम केला, २०१८मध्ये टीव्हीवर बायबलमधला राजा हेरोड झाला. २०२५मध्ये जुन्या बँडच्या हयात सोबत्यांना घेऊन अल्बमही काढला. बायको शेरिल मूळची त्याच्याच दौऱ्यातली नर्तिका, १९७६पासूनचा संसार. अलीकडे राणीच्या वेषात ती त्याला गिलोटीनवर चढवते.

मुलाला आवाज तेवढा कमी करायला सांगा. आणि १९७५चं ‘ओन्ली विमेन ब्लीड’ तुम्हीही ऐका. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईचं गाणं आहे, त्यात साप नाही.