जोखीम-विश्लेषणाने रुग्णालयातील निर्जंतुकीकरणावरची देखरेख खरोखर सुधारते का, की तो केवळ मानांकनासाठीचा कागद असतो?

सुधारते, मात्र तक्त्यात गुण कोण भरतो यावर ते अवलंबून असते. या तक्त्यात प्रत्येक संभाव्य दोषाला त्याच्या परिणामाचे गांभीर्य, वारंवारता आणि तो नजरेतून निसटण्याची शक्यता यांसाठी एक ते दहा गुण देतात आणि तिन्हींचा गुणाकार करतात; गुणाकार जितका मोठा, तितका धोका मोठा. धंतोलीतील एका खासगी रुग्णालयात संसर्ग नियंत्रण परिचारिका असताना याच मुद्द्यावर प्रशासकांशी माझा वाद झाला होता आणि माझे मत आजही बदललेले नाही.

तेथे पाच टक्के हायपोक्लोराइटचे, म्हणजे ‘हायपो’ या क्लोरीनयुक्त जंतुनाशकाचे, कॅन गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत ठेवले जात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उष्णतेने हायपोचे विघटन होऊन त्याची ताकद घटते. तरीही एक भाग हायपो, चार भाग पाणी हे प्रमाण तसेच चालू राहते आणि नोंदवहीत प्रत्येक पाळीला ‘एक टक्का’ लिहून सही होते. मी क्लोरीन मोजण्याची पट्टी बुडवली, तेव्हा रंग जेमतेम उमटला. तक्ता भरताना गांभीर्याला आठ आणि वारंवारतेला पाच गुण देण्यावर आमचे एकमत झाले. दोष नजरेतून निसटण्याच्या शक्यतेला मात्र प्रशासकांनी दोन गुण दिले, कारण ‘रोज नोंद होते ना, सिस्टर’. मी नऊवर अडून बसले. त्यांचा गुणाकार ८०, माझा ३६०. ८० आला की तो धोका यादीच्या तळाशी जातो. सहीने द्रावणाची तीव्रता मोजली जात नाही, हे त्यांना अखेरपर्यंत पटले नाही. त्यांची भिस्त दरमहा घेतल्या जाणाऱ्या स्वॅबवर, म्हणजे पृष्ठभाग पुसून जंतुतपासणीसाठी घेतलेल्या नमुन्यांवर, होती, आणि ते तर आदल्या दिवशी कळवून घेतले जात. असे सरसकट, हेतूशिवाय नमुने घेऊ नयेत, हे अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २००३ च्या मार्गदर्शक सूचनांतच सांगितले आहे.

आपण सुरुवात स्पॉल्डिंगच्या वर्गीकरणापासून करावी. त्यात वस्तू शरीराच्या कोणत्या भागाला स्पर्श करते, यावरून तिच्या निर्जंतुकीकरणाची पातळी ठरते; म्हणजे फरशीच्या आधी शरीरात घालायच्या एंडोस्कोपचा विचार होईल. अशी उपकरणे ज्यात बुडवतात त्या ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाची तीव्रता वापरापूर्वी पट्टीने तपासावी आणि ऑटोक्लेव्ह या वाफेच्या निर्जंतुकीकरण यंत्रासाठी जैविक निर्देशक, म्हणजे जिवंत बीजाणू मरतात का हे दाखवणारी चाचणी, वापरावा. निसटण्याचा गुण प्रशासकांच्या हाती देऊ नये; ज्या सफाई कर्मचाऱ्याच्या हातून द्रावण तयार होते, त्याच्याशी बोलून तो ठरवावा.

अर्थात, रक्त किंवा पू न पुसलेल्या जागेवर ताजे हायपोही निष्प्रभ ठरते आणि ते कोणतीही पट्टी सांगत नाही. शिवाय हे गुण अंदाजाचे असल्याने त्यांच्या गुणाकाराला गणिताची अचूकता नसते; म्हणून गांभीर्य आठ किंवा अधिक असेल, तर गुणाकार ८० येवो की ३६०, त्या दोषावर आधी उपाय करावा.