आप्पा 'आत' होते त्याबद्दल

प्रिय रेवा,

परवा शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकत तू विचारलंस, "आपले आप्पा जेलमध्ये होते हे सगळ्यांना सांगायचं असतं का? बाईंनी दोनदा वाचलं आणि विषयच बदलला." मी हसले, पण ते लागलं मला. घरच्यांच्या तक्त्यात आप्पांच्या नावापुढे तसं लिहायला मीच सांगितलं होतं, तेही ऐटीत.

गंमत म्हणजे आमच्या घरी आप्पांच्या बाबतीत 'जेल' म्हटलेलं मला आठवत नाही. ते 'आत होते', नाहीतर 'मिसात होते'. दिवाळीत पाहुणे आले की भाऊकाका ओळख करून द्यायचे, "हे आमचे दादा. आणीबाणीत येरवड्याला होते." समोरचा लगेच सावरून बसायचा. (पाहुणा अस्सल पुणेकर असला तर आधी घोटाळा व्हायचा. पुण्यात येरवड्याला धाडणं म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात धाडणं. आप्पाच सगळ्यात मोठ्याने हसायचे.)

आणीबाणी जून १९७५ मध्ये लागली, मार्च १९७७ मध्ये उठली. मिसा हा तेव्हाचा कायदा असा, की आरोप नाही, खटला नाही, सरकारला वाटलं की उचलायचं. सेवा दलवाले आप्पा आणि संघवाले, बाहेर एकमेकांचं तोंड न बघणारे, तिथे एकाच बराकीत.

मला वाटतं आमची ऐट पुस्तकांतून आणि कीर्तनांतून आली. टिळक सहा वर्षं मंडालेला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. धड्यातला मोठा माणूस कधी ना कधी 'कारावास भोगून' आलेला असायचाच. कृष्णजन्माच्या कीर्तनातसुद्धा बुवा 'बंदिशाळा' म्हणायचे. देवकीला कुणी जेलमध्ये टाकल्याचं मी तरी ऐकलं नाही.

पण तुझ्या प्रश्नानंतर मला आमच्या वाड्यातले जिन्याखालचे काका आठवले. पतसंस्थेत अफरातफर केली म्हणून त्यांना शिक्षा झाली होती. त्यांच्या घरचे सांगायचे, "ते नागपूरला असतात." आणि आम्ही पोरं? खडी फोडायला गेलाय, सरकारचा जावई झालाय, बिनभाड्याच्या खोलीत राहतो! त्यांचा मुलगा आमच्यातच लगोरी खेळायचा, तरी म्हणायचो. आप्पा 'होते', हे काका 'गेलाय'. एकेरीवर यायला आम्हाला क्षणही लागला नाही. तिथे 'कारावास' वगैरे कुणाला आठवला नाही.

आप्पांनी त्यावर आम्हाला उपदेश केला नाही. एका संध्याकाळी त्या काकूंना ओसरीवर बसवून अर्ज लिहून दिला. तुरुंगात भेटायला जाणं याला 'मुलाखत' म्हणतात हे मला तेव्हा कळलं. "मुलाखतीला सकाळी लवकर जा, रांग असते. डब्यात पातळ काही नेऊ नका, गेटवर सगळं उघडून बघतात," असं एखाद्या जुन्या गिऱ्हाइकासारखं ते सांगत होते.

हे त्यांना कुठून ठाऊक, तर तुझ्या आजीकडून. तिने डिंकाचे लाडू नेले होते, ते शिपायाने एकेक फोडून पाहिले. आजी त्या दिवसांना कारावास म्हणत नाही, मिसाही नाही. "हे नव्हते तेव्हा," एवढंच म्हणते, आणि मग दूधवाल्याची उधारी, भाऊकाकांची फी, घरमालकाचं तोंड, हे सगळं येतं. ऐट आप्पांच्या वाट्याला आली, उधारी तिच्या. हे मी तक्त्यात लिहायला सांगितलं नव्हतं, खरं आहे.

तरीही मला ते खोडावंसं वाटत नाही. निदान अजून तरी नाही. बाईंना सांगायचंच असेल तर सांग, की खटला न चालवता डांबलं होतं, सरकारविरुद्ध बोलले म्हणून. ते त्यांना कळेल. नुसतं 'शिक्षक' लिहिलंस तरी मी रुसणार नाही. शिकवणं त्यांनी त्या तुरुंगाहून कितीतरी जास्त वर्षं केलं, आणि त्याबद्दल दिवाळीत कुणी सावरून बसल्याचं मला आठवत नाही.

रविवारी आजीला फोन करू तेव्हा तूच विचार. माझ्यापेक्षा तुला जास्त सांगेल. फक्त लाडवांवरून सुरुवात कर.

तुझी,
आई