कोलोनोस्कोपी नॉर्मल, मग रक्त येतं कुठून?

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. दिवाळीपासून तीनदा त्यांना संडासवाटे भरपूर लाल रक्त गेलं. पोट अजिबात दुखत नाही. शेवटच्या वेळी चक्कर येऊन पडले, हिमोग्लोबिन ६ वर आलं, रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या. गावात मूळव्याध म्हणाले. शहरात एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी केली, दोन्ही नॉर्मल. रक्त आपोआप थांबलं म्हणून घरी सोडलं. हृदयाची झडप आकसली आहे असं पूर्वी सांगितलं होतं, पण त्याचा काही त्रास नाही. आता काय करावं?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : झडपेचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण माझ्या दृष्टीने पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

१९५८ साली एडवर्ड हाइड या अमेरिकन डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला एक छोटं पत्र पाठवलं. महाधमनीची झडप कॅल्शियम साचून अरुंद झालेल्या काही वयस्कर रुग्णांना आतड्यातून मोठा रक्तस्राव होतो आणि त्याचं कारण सापडत नाही, एवढंच त्यांचं निरीक्षण होतं. आज त्यामागचं कारण आपल्याला ठाऊक आहे. रक्तात फॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं प्रथिन असतं. त्याच्या लांबलचक साखळ्या फुटलेल्या रक्तवाहिनीशी प्लेटलेट्स चिकटवून धरतात. अरुंद झडपेतून रक्त जोराने जाताना या साखळ्या ताणून उलगडतात आणि रक्तातलं एक एन्झाइम त्यांचे तुकडे पाडतं. त्यातच उतारवयात मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, उजव्या बाजूला, बारीक रक्तवाहिन्यांची नाजूक जाळी तयार झालेली असू शकते. तिला अँजिओडिस्प्लेशिया म्हणतात. ती फुटली की रक्त लवकर थांबत नाही. पीटी-आयएनआरसारख्या रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या मात्र नॉर्मलच येतात, म्हणून कुणाला शंका येत नाही.

बाबांना हेच झालंय असं पत्रावरून मी म्हणणार नाही. पण २डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि हृदयरोगतज्ज्ञांची भेट याच आठवड्यात उरकून घ्या. झडप खरोखर फार अरुंद असेल, तर ती बदलल्यावर बहुतेकांचा रक्तस्राव थांबतो. हल्ली वयस्कर माणसात ते काम अनेकदा जांघेतल्या धमनीतून, छाती न उघडता होतं.

दुसरी शक्यता द्यूलाफ्वा लीजनची, म्हणजे अस्तराला टेकलेल्या जाड धमनीतून रक्त येण्याची. एका निवृत्त शिक्षकांची कोलोनोस्कोपी अशीच नॉर्मल आली होती. रात्री वॉर्डात पुन्हा रक्त सुरू झालं, तेव्हा आम्ही लगेच स्कोप घातला. गुदाशय पाण्याने धूत धूत बघत होतो. अगदी खालच्या टोकाला, निरोगी गुलाबी अस्तरातून रक्ताची बारीक चिळकांडी उडत होती. आजूबाजूला ना व्रण, ना सूज. आतड्याच्या भिंतीत शिरताना धमनी बारीक होत जायला हवी, इथे ती जाडच राहून अस्तराला टेकलेली असते. क्लिप लावली आणि रक्त थांबलं. तीच जागा सकाळी पाहिली असती, तर काही दिसलं नसतं.

म्हणून मला कळकळीने सांगायचंय की शोध रक्त चालू असतानाच घ्यायला हवा. पुन्हा रक्त आलं, तर जवळच्या दवाखान्यात सलाइन लावून वाट बघत बसू नका. जिथे रक्तपेढी, रात्रीही सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) आणि शक्यतो कॅथेटरने रक्तवाहिनी बंद करणारे डॉक्टर आहेत, असं रुग्णालय आत्ताच हेरून ठेवा. सीटी अँजिओग्राफीला पोट साफ करावं लागत नाही, आणि मिनिटाला अर्धा मिलीलीटर रक्त गळत असलं तरी जागा दिसू शकते. जागा सापडली की त्याच धमनीत कॉइल (बारीक तारेचं वेटोळं) सोडून ती बंद करता येते. रक्त थांबल्यावर केलेल्या याच तपासणीत गळणारी जागा सहसा सापडत नाही.

सध्या रक्त थांबलेलं असल्याने राहिलं लहान आतडं, जिथे या दोन्ही स्कोप जवळजवळ पोचत नाहीत. त्यासाठी कॅप्सूल एंडोस्कोपीबद्दल, म्हणजे गिळायच्या कॅमेऱ्याच्या गोळीबद्दल विचारा.

मूळव्याधीच्या ऑपरेशनला घाईने तयार होऊ नका. यकृताचा जुना आजार असेल, तर गुदाशयातल्या फुगलेल्या शिरा मूळव्याधीसारख्या वाटतात आणि त्यांना कापणं जिवावर बेतू शकतं. पोटातल्या महाधमनीवर कधी कृत्रिम नळी बसवली असेल, तर तेही डॉक्टरांना आधी सांगा. अशा माणसाला थोडंसं रक्त गेलं तरी ती इमर्जन्सी असते.

गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेत असतील तर बंद करा. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी मात्र हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय थांबवू नका. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं, त्याने घाबरू नका. पण ते डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधी असेल, किंवा बाबांना उभं राहताना अंधारी येत असेल, तर लगेच रुग्णालय गाठा. जुने सगळे रिपोर्ट, इकोसकट, एकाच फाइलमध्ये लावून ती हाताशी ठेवा.